खुलासा : नास्तिकांना नाताळ बंद करायचा आहे का?

'अमेरिकेतले नास्तिक नाताळ बंद पाडायला निघालेत, त्यांच्या घरी ना झाड ना भेटवस्तू' असा मजकूर दर डिसेंबरात फिरतो. तो खरा नाही.

अमेरिकेतल्या प्यू या लोकमत-पाहणी संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत कोणताही धर्म न मानणाऱ्या अमेरिकनांपैकी ८७ टक्के लोकांनी आपण नाताळ साजरा करतो असं सांगितलं होतं. झाड, भेटी, घरच्यांसोबत जेवण हे सगळं असतं. चर्च तेवढं बहुतेकांच्या यादीत नसतं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्ससारख्या कट्टर नास्तिकानेही आपल्याला नाताळची भक्तिगीतं गायला आवडतात असं उघड सांगितलंय. काही मानवतावादी (देवाऐवजी माणसाला केंद्रस्थानी मानणारे) २३ डिसेंबरला 'ह्यूमनलाइट' हा वेगळा सण करतात, पण त्यांची संख्या किरकोळ.

मग वाद कशाचा? सरकारी जागेत धार्मिक देखावा मांडण्याचा. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटी (जिल्हा) न्यायालयाच्या मुख्य जिन्यावरचा येशूजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेरचं नाताळचं झाड आणि ज्यूंचा 'मेनोरा' हा अनेक फांद्यांचा धार्मिक दिवा मात्र चालेल म्हटलं. (न्यायमूर्तींचंही आपसात एकमत नव्हतं, हे वेगळंच.) खटला नागरी हक्कांच्या संघटनेने आणि काही स्थानिक रहिवाशांनी भरला होता. कुणाच्या घरातल्या झाडाला त्यात हात लागला नाही.

आणि बंदीच शोधायची तर ती सापडते १६५९ च्या मॅसॅच्युसेट्समध्ये: नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड. तो १६८१ पर्यंत टिकला. लावणारे नास्तिक नव्हते, कडवे प्युरिटन ख्रिस्ती होते. बायबलमध्ये हा सण नाही, असं त्यांचं म्हणणं.