किलिमांजारो मोहिमेविषयी आपण नोंदवलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

टांझानियातील किलिमांजारोच्या माचामे मार्गावर आमच्यासोबत केलेल्या सात दिवसांच्या मोहिमेला आपण एक तारा दिला आहे. आपली मुख्य तक्रार अशी, की शिखरचढाईच्या रात्री सुमारे ५,४०० मीटरवर गाईडने आपल्याला जबरदस्तीने परत फिरवले, त्याच्या सॅकमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर असूनही पुढच्या चढाईसाठी ते दिले नाही, आणि गटातील बाकीचे उहुरू या किलिमांजारोच्या सर्वोच्च शिखरावर पोहोचले असताना आपल्याला मात्र पूर्ण पैसे भरूनही खाली यावे लागले. वाटेतल्या करांगा कॅम्पवर एक दिवस फुकट घालवला, टिप सक्तीने घेतली, प्रमाणपत्र दिले नाही आणि जेवणात तोचतोचपणा होता, असेही आपण लिहिले आहे. आपल्या प्रकृतीच्या ज्या नोंदी गाईडच्या वहीत आहेत, त्या मी येथे उघड करणार नाही. आपण स्वतः जे लिहिले आहे, त्याच्याच आधारे उत्तर देतो.

आपण म्हणता, की दोन उलट्या झाल्या होत्या आणि चालताना जरासा तोल जात होता, बाकी काही नव्हते. डोकेदुखी, मळमळ, एखादी उलटी, भूक मरणे हे त्या उंचीवर पुष्कळांना होते आणि केवळ तेवढ्यावरून आमचे गाईड कोणाला परत पाठवत नाहीत. तोल जाणे ही गोष्ट मात्र निराळी आहे. विरळ हवेमुळे मेंदूला सूज येऊ लागते, तेव्हा सर्वांत आधी दिसणाऱ्या लक्षणांपैकी ते एक असते. म्हणूनच तशी शंका येताच गाईड एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगतो. आपल्यालाही तसे चालायला सांगितले होते, हे आपणच लिहिले आहे. ज्याला ते जमत नाही, त्याने उतरायचे. उशीर झाला तर माणूस काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो, आणि उतरणे हाच यावरचा खरा उपाय आहे. ‘मला बरे वाटत होते, निर्णय माझा असायला हवा होता’ हे आपले म्हणणे मी समजू शकतो. पण ज्या मेंदूने तो निर्णय घ्यायचा, त्याच्यावरच परिणाम झालेला असण्याची शक्यता असते, आणि म्हणून आमच्या करारात परत फिरण्याविषयीचा अंतिम शब्द प्रमुख गाईडचा आहे. त्यात मी पुण्यात बसून ढवळाढवळ करत नाही आणि यापुढेही करणार नाही.

ऑक्सिजनविषयी गैरसमज केवळ आपलाच नाही, म्हणून सविस्तर लिहितो. उहुरू शिखर ५,८९५ मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. आमच्या गाईडकडचे लहान सिलिंडर आजारी माणसाला खाली आणताना वापरण्यासाठी असते. तेच लावून वर चढू दिले, तर थोडा वेळ बरे वाटते, लक्षणे झाकली जातात, आणि सिलिंडर संपते तेव्हा तोच आजारी माणूस आणखी चारपाचशे मीटर वर, अधिक थकलेला आणि उतरायला अधिक लांब असतो. पैसे घेऊन असा ऑक्सिजन चढाईसाठी देणारे कोणी भेटले, तर माझ्या मते त्यांच्यापासून दूरच राहावे.

इतरांना वर नेता यावे म्हणून आपल्याला बाजूला काढले, या आरोपात तथ्य नाही. शिखरचढाईच्या रात्री दर दोन ट्रेकरमागे एक गाईड आम्ही ठेवतो, तो नेमका यासाठी, की एकाला उतरावे लागले तर त्याच्यासोबत गाईड असावा आणि बाकीच्यांची चढाई थांबू नये. आपल्यासोबत एक सहायक गाईड, शिखरचढाई जेथून सुरू होते त्या बराफू कॅम्पपर्यंत आणि तेथून पुढे उतरणीच्या वाटेवरील म्वेकापर्यंत, सतत होता.

करांगाविषयी. आपल्या परिचितांनी दुसऱ्या कंपनीबरोबर मारांगू मार्गाने पाच दिवसांत आणि कमी पैशांत शिखर गाठले, असे आपण लिहिता. त्यांचे अभिनंदन. परंतु त्या कार्यक्रमात पहिला मुक्काम सुमारे २,७०० मीटरवर, दुसरा ३,७०० वर आणि तिसरा ४,७०० वर पडतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे गिर्यारोहण वैद्यकातील तज्ज्ञ सांगतात. पाच दिवसांत ते बसवणे अशक्य आहे. आमच्या मार्गावरही दुसऱ्या दिवशी शिरा कॅम्पला जाताना ही मर्यादा ओलांडली जाते आणि डोंगराची रचनाच तशी असल्यामुळे ते टाळता येत नाही. त्याची भरपाई पुढे होते: तिसऱ्या दिवशी ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवर या सुळक्यापर्यंत चढून झोपायला ४,००० मीटरच्या खाली बरांकोला उतरायचे, चौथ्या दिवशी बरांकोची भिंत म्हणजे तिथला उभा कडा चढून करांगाला थांबायचे, आणि मगच बराफूला जायचे. करांगाचा मुक्काम गाळला, की त्याच दिवशी बराफू गाठून, जेमतेम काही तास पडून, मध्यरात्री चढाईला निघावे लागते. आपल्याला त्या दुपारी तंबूत कंटाळा आला असेल, पण शरीराला जुळवून घ्यायला तोच वेळ मिळतो.

कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि एका दिवसात राजगड-तोरणा केलेल्या माणसाला हे कसे होऊ शकते, असा आपला प्रश्न आहे. सह्याद्रीत कमावलेला दमसास आणि पायांची ताकद किलिमांजारोवर नक्कीच उपयोगी पडते, परंतु कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि माचामेचे प्रवेशद्वारच जवळपास त्या उंचीवर आहे. विरळ हवा कोणाला मानवेल, हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. उलट दमदार माणसे वेगाने चालतात आणि म्हणून अनेकदा तीच आजारी पडतात. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, हे गाईड दिवसभर बजावत असतात ते त्यासाठीच. आपल्याला जे झाले, त्यात कमीपणा वाटावा असे काहीही नाही.

टिप सक्तीची नाही, पण तेथे ती रूढ आहे आणि निघण्यापूर्वी पाठवलेल्या माहितीपत्रकात अंदाजे रकमेसह लिहिलेली आहे. एका ट्रेकरमागे तीन-चार पोर्टर असतात. २० किलोच्या मर्यादेतले ओझे घेऊन ते आपल्या आधी कॅम्पवर पोहोचतात आणि तंबू उभारतात. आपण शिखर गाठले नाही, म्हणून त्यांचे श्रम कमी झाले नाहीत. प्रमाणपत्र राष्ट्रीय उद्यानाकडून मिळते आणि तेही किमान विवराच्या कडेपर्यंत, म्हणजे आपल्या मार्गावर स्टेला पॉईंटपर्यंत, पोहोचलेल्यांनाच. त्यात आमचा अधिकार चालत नाही. जेवणाबाबत एवढेच, की सगळा शिधा पहिल्या दिवशीच पाठीवर वाहून न्यावा लागतो, त्यामुळे विविधता मर्यादित राहते.

परताव्याची आपली मागणी मान्य करता येणार नाही. उद्यानाचे माणशी दररोजचे ७० डॉलर, तंबूतल्या प्रत्येक रात्रीचे ५० डॉलर आणि त्यावरचा कर धरला, तर सात दिवसांचे शुल्कच ९०० डॉलरच्या पुढे जाते आणि ते आधीच भरलेले असते. शिवाय आम्ही शिखराची हमी विकत नाही; तयारी, सोबत आणि सुखरूप परत आणण्याची व्यवस्था यांचे पैसे आम्ही घेतो, आणि त्यातली कोणतीही गोष्ट आपल्याला कमी मिळाली नाही.

आपल्या प्रवास विम्यात ६,००० मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा समावेश असेल, तर दाव्यासाठी गाईडच्या त्या रात्रीच्या नोंदीची प्रत आणि आमचे पत्र कार्यालयातून घेऊन जावे. दोन्ही तयार ठेवण्यास सांगितले आहे. पुन्हा जाण्याचा विचार असल्यास त्याआधी उंचीवरील आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटून डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरील औषधाविषयी विचारावे, आणि आमच्याबरोबर असो वा अन्य कोणाबरोबर, आठ दिवसांचा लेमोशो मार्ग निवडावा.

आपला,
संचालक