यरुशलेम वाचले, पण लाखीशचे काय?

इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदाच्या राज्यावर चालून गेला, तेव्हा यरुशलेम कसे वाचले याची कथा बायबल वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्याच मोहिमेत पडलेल्या लाखीशच्या किल्ल्याचे नाव मात्र फारसे कोणी काढत नाही. माझ्या मते त्या वर्षाचा खरा इतिहास यरुशलेमपेक्षा लाखीशमध्येच अधिक ठळकपणे वाचता येतो.

यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले लाखीश हे यहूदातले राजधानीखालोखालचे ठाणे होते. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर अश्शुरी सैन्याने दगडमातीचा जो प्रचंड दमदमा रचला, तो आजही तिथे उभा आहे, आणि तटाच्या आतल्या अंगाला बचाव करणाऱ्यांनी घाईने घातलेला भरावही पुरातत्त्वज्ञ डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात सापडला. बाणांची टोके आणि गोफणगुंडे तर तिथे शेकड्यांनी मिळाले. अश्शूरची राजधानी निनवे इथल्या सन्हेरीबच्या राजवाड्यातली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली शिल्पे हीच लढाई दाखवतात: तटावरून जळते पलिते खाली पडत आहेत, आणि तट फोडणाऱ्या यंत्राला आग लागू नये म्हणून एक अश्शुरी शिपाई लांब दांड्याच्या पळीने त्यावर पाणी ओतत आहे. पुढच्या भागात बैलगाडीवर बायकामुले बसवून हद्दपारीला निघालेली कुटुंबे दिसतात. विजेत्याने स्वतःच्या बढाईसाठी कोरलेल्या चित्रात पराभूतांचा संसार इतका बारकाईने यावा, हे मला विलक्षण वाटते.

सन्हेरीब आपल्या शिलालेखात यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडल्याचे सांगतो आणि तटबंदीची ४६ नगरे घेतल्याचा दावा करतो. यरुशलेम घेतल्याचे मात्र तो कुठेही म्हणत नाही. बायबल अश्शुरी छावणीतले १,८५,००० लोक देवदूताने एका रात्रीत मारल्याचे सांगते. पण त्याच अध्यायांच्या सुरुवातीला हिज्कीयाने लाखीशच्या छावणीत निरोप धाडून अपराध कबूल केल्याचे आणि ३०० किक्कार (वजनाचे एक जुने माप) रुपे व ३० किक्कार सोने खंडणी भरल्याचेही नमूद आहे, आणि सोन्याचा तोच आकडा अश्शुरी नोंदीतही येतो. चमत्कारावर व्याख्याने देणाऱ्यांनी हे वचन गाळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

किल्ला पुन्हा बांधला गेला आणि शतकभरानंतर बाबेलच्या (बॅबिलोनच्या) स्वारीत पुन्हा जळाला. त्या काळातली खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे १९३५ मध्ये वेशीजवळच्या खोलीत सापडली. त्यांपैकी एकात लिहिणारा कळवतो की आम्ही लाखीशच्या आगीच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका (यहूदातले दुसरे तटबंदीचे नगर) आम्हाला दिसत नाही. बायबलमधला संदेष्टा यिर्मयाही यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका हीच दोन उरल्याचे सांगतो, म्हणून अनेकांनी या ओळीवरून अजेका नुकतेच पडल्याचा निष्कर्ष काढला. मला तो घाईचा वाटतो, कारण लिहिणारा ज्या जागी उभा होता तिथून अजेका मुळात दिसत नसण्याचीही शक्यता आहे.