सत्तर अलेक्झांड्रिया आणि एक दात्तामित्री

लेणी बघणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मजकूर पुन्हा आला. मी तो याआधीही तीन-चार वेळा वाचलाय. सिकंदरानं जग जिंकता जिंकता सत्तर नवी शहरं वसवली आणि सगळ्यांना स्वतःचंच नाव दिलं. त्याच्या सेनापतींनीही तोच कित्ता गिरवला. या गर्वापायी जुन्या गावांची नावं कायमची पुसली गेली. आपलं सिकंदराबादही त्यातलंच एक. आणि महाराष्ट्रात मात्र या शहरांची नावं कधी कुणाच्या कानावरही पडली नाहीत. मजकुरात एवढं सगळं आहे. खाली भराभर अंगठे उमटले. मला गप्प बसवेना, कारण यातलं शेवटचं वाक्य ज्या लेण्यानं खोटं ठरतं, त्या लेण्यात आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक जाऊन आलेत.

आधी सत्तरचा आकडा बघू. तो हवेतून आलेला नाही, प्लुटार्क या ग्रीक लेखकानं लिहिलेला आहे. पण प्लुटार्क सिकंदरानंतर चारशे वर्षांनी होऊन गेला, आणि ज्या भाषणवजा लेखात हा आकडा येतो, त्यात त्याला सिकंदर हा रानटी लोकांना माणसात आणणारा तत्त्वज्ञ म्हणून उभा करायचा होता. आजचे अभ्यासक खात्रीनं सांगता येतील अशी जी शहरं मोजतात, ती वीसच्या आत राहतात. इजिप्तमधली अलेक्झांड्रिया, इ.स.पू. ३३१. अफगाणिस्तानात हेरात आणि कंदहार इथल्या, काबूलच्या उत्तरेला हिंदुकुशाच्या पायथ्याची एक. सिर दर्याच्या काठची, ग्रीकांनी 'शेवटची' असं विशेषण लावलेली, आजच्या ताजिकिस्तानातल्या खुजंदजवळची. अशी काही.

'वसवली' या शब्दाकडेही नीट बघायला हवं. कंदहारला सिकंदराच्या आधीच इराणी सम्राटांचं ठाणं होतं, त्यानं त्यातच आपली माणसं ठेवली. सिर दर्याकाठच्या शहराचा कोट वीस दिवसांत उभा केला, असं सिकंदराचा चरित्रकार एरियन सांगतो. वीस दिवसांत मातीची भिंत उभी राहते, शहर नाही. आणि आत कोणाला ठेवलं? भाडोत्री ग्रीक शिपाई, राजीखुशीनं आलेले आसपासचे लोक आणि लढाईच्या कामातून गेलेले मॅसिडोनियन. इ.स.पू. ३२३मध्ये सिकंदर गेल्याची बातमी पोचली तसे त्या पूर्वेकडच्या वसाहतींतले वीस हजारांवर ग्रीक हत्यारं घेऊन घराकडे निघाले. मॅसिडोनियन सैन्यानं त्यांना वाटेत गाठून कापून काढलं. त्या मजकुरात दिमाखानं मिरवलेल्या शहरांतल्या माणसांना तिथं राहायचंच नव्हतं, हे वाचून मला दरवेळी वाईट वाटतं.

सगळी शहरं स्वतःच्या नावाची, हेही खरं नाही. झेलमच्या काठी इ.स.पू. ३२६मध्ये पोरसाशी लढाई झाल्यावर त्यानं दोन शहरं वसवली. एकाचं नाव निकाया, म्हणजे विजयाचं. दुसरं ब्युसेफला, त्याच्या म्हाताऱ्या घोड्याच्या, ब्युसेफलसच्या नावानं. पेरितास नावाच्या कुत्र्याच्या नावानंही एक शहर होतं, असं प्लुटार्कच ऐकीव गोष्ट म्हणून सांगतो. उलट तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर ट्रॉयजवळची अलेक्झांड्रिया सिकंदरानं वसवलेलीच नाही. ती त्याचा सेनापती अँटिगोनस यानं वसवली तेव्हा तिचं नाव अँटिगोनिया होतं. इ.स.पू. ३०१मध्ये अँटिगोनस लढाईत पडला, प्रांत लिसिमॅकस या दुसऱ्या सेनापतीच्या हाती गेला आणि त्यानं नाव बदलून अलेक्झांड्रिया केलं. तेव्हा नकाशावर अलेक्झांड्रिया दिसली की संस्थापक सिकंदर, हे गणित चालत नाही.

आता सेनापतींकडे येऊ. खरा गोंधळ इथंच आहे आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भागही हाच आहे. सिकंदराच्या माणसांपैकी सर्वाधिक शहरं वसवली सेल्युकसनं. हा तोच, चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेऊन गेलेला. अपियन नावाच्या इतिहासकारानं त्याच्या शहरांची मोजदाद दिली आहे: वडिलांच्या नावाची १६ अँटिओक, आईच्या नावाची ५ लाओडिसिया, स्वतःच्या नावाच्या ९ सेल्युकिया, आणि बायकांच्या नावाची ४, त्यातल्या ३ अपामिया आणि १ स्ट्रॅटोनिकिया. एकूण ३४. यातला प्रत्येक आकडा तंतोतंत धरायचं कारण नाही, पण प्रमाण बघा. स्वतःचं नाव नऊंना. बाकी पंचवीस आईवडिलांची आणि बायकांची.

त्यातही अपामाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. ती ग्रीक नव्हती. समरकंदच्या बाजूला, सोग्डियात, सिकंदराला ज्यानं दीड-दोन वर्षं जेरीस आणलं, त्या स्पितामेनेसची ती मुलगी. इ.स.पू. ३२४मध्ये सुसा इथं सिकंदरानं आपल्या अधिकाऱ्यांची इराणी मुलींशी थोक लग्नं लावली, त्यात सेल्युकसला ही मिळाली. बहुतेकांची ती लग्नं सिकंदरामागं टिकली नाहीत, असं मानलं जातं. सेल्युकसनं मात्र हिला सोडलं नाही, हिचाच मुलगा पुढं गादीवर बसला. सिरियातल्या ज्या अपामियात ते मौर्यांचे हत्ती बांधले जात, ते शहर या सोग्डियन बाईच्या नावाचं. मुलगा पहिला अँटिओकस यानंही तुर्कस्तानात आणखी एक अपामिया वसवून आईचंच नाव दिलं. याला 'राजाचा गर्व' म्हणून मोकळं होता येत नाही. आईवडिलांच्या आणि बायकोच्या नावांनी आपलं घराणं लोकांच्या तोंडी रुळवायचं, ही नव्या राजघराण्याची गरज होती. सेल्युकसच्या मागं कुठली पिढीजात गादी नव्हती.

इजिप्तमध्येही तेच. तिथला ग्रीक राजा दुसरा टॉलेमी यानं तांबड्या समुद्रावरच्या बंदराला आई बेरेनिकेचं नाव दिलं, फायूमच्या जुन्या नगराला बहीण आणि राणी असलेल्या आर्सिनोईचं. त्याच बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. त्या किनाऱ्यावरून सुटणारी गलबतं भरूचला आणि मलबारला येत. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर या चारही गावांची नावं आहेत.

जुनी नावं पुसली गेली, हा दावा तर आजचा नकाशाच खोडून काढतो. सिरियातल्या हमाला एपिफानिया केलं होतं, ते पुन्हा हमाच आहे. हलबचं, म्हणजे अलेप्पोचं, बेरोया झालं होतं, तिथले लोक आजही हलबच म्हणतात. इस्रायलमधलं अक्का शेकडो वर्षं कागदोपत्री टॉलेमाइस होतं. जॉर्डनची राजधानी अम्मान हे दुसऱ्या टॉलेमीचं फिलाडेल्फिया. तुर्कस्तानातली नुसैबिन आणि उर्फा, दोन्ही एकेकाळची अँटिओक. इसवीसनाच्या चौथ्या शतकात अमियानस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय की सेल्युकसनं ग्रीक नावं दिली खरी, तरी तिथल्या भाषेतली मूळची नावं गेलेली नाहीत. दरबारात एक नाव, बाजारात दुसरं. काही ग्रीक नावं मात्र लोकांनीच जपली: २०२३च्या भूकंपात जमीनदोस्त झालेलं अंताक्या म्हणजे अँटिओक, आणि लताकिया म्हणजे सेल्युकसच्या आईचं, लाओडिकेचं शहर.

सिकंदराबादबद्दल फार लिहायची गरज नाही. ते तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावाचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. ग्रीक सिकंदर बियास नदीवरूनच मागं फिरला.

राहिला महाराष्ट्र. नाशिकला पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावर, सतरा नंबरच्या लेण्यात जा. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातलं मानलं जातं. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मी लेख आहे. मी तिथं पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा सोबतच्या जाणत्या मित्रानं एकेका अक्षराखाली, दगडाला हात न लावता, बोट फिरवत वाचून दाखवलं होतं: ओतराहस. दातामितियकस. योणकस. उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा, यवन, म्हणजे ग्रीक. पुढं बापाचं नाव धम्मदेव आणि त्याचं स्वतःचं इंद्राग्निदत्त.

दात्तामित्री म्हणजे दिमित्रियस राजाच्या नावाचं शहर, डेमेट्रियास, असं अभ्यासक मानतात. हा बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा, ग्रीक राजा, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुकुश ओलांडून आलेला. शहर कंदहारच्या मुलखात होतं की सिंधमध्ये, यावर एकमत नाही. ग्रीसमध्येही एक डेमेट्रियास आहे, पण ते दुसऱ्याच दिमित्रियसचं, शंभरेक वर्षं आधीचं. राजा जाऊन तीनशे वर्षं झाली होती, त्याचं राज्यही उरलं नव्हतं. तरी नाशिकच्या डोंगरात एक माणूस आपली ओळख सांगताना त्याच्या शहराचं नाव घेतो, तेही प्राकृताच्या वळणानं, आणि नाव स्वतःचंही भारतीय, बापाचंही भारतीय.

ग्रुपवर मी त्या लेखाचा फोटो टाकला आणि पुढच्या ओळींचा अर्थ लिहिला. त्यात तो सांगतो की हे लेणं, आतलं चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, त्यानं मुलगा धम्मरक्षित याच्यासह, सगळ्या बुद्धांच्या पूजेसाठी भिक्षुसंघाला दिल्या, आपल्या आईवडिलांसाठी.