साहेब जळाले

सुरुवातीलाच सांगून टाकतो, चूक माझीच. "त्यात काय, ग्रिल सँडविचच तर आहे" हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं, आणि निघालं ते पण फ्रान्समधल्या ल्योंमध्ये, जिथे लोक दुपारचं जेवताना रात्री काय जेवायचं यावर वाद घालतात.

गोष्ट जुलै 2022 ची. बायको महिनाभर पुण्याला गेली होती आणि इथे मरणाचा उन्हाळा. विदर्भातल्या मंडळींनी हसू नये, 38 डिग्री म्हणजे तुमच्याकडे आल्हाददायक असेल पण इथे घरात एसी नाही, कूलर नाही, छताला पंखा नाही, सकाळी आठला लाकडी झडपा लावून घ्यायच्या आणि दिवसभर अंधारात घुबडासारखं बसायचं. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ऐंशीच्या आसपास, आम्ही त्यांना मादाम म्हणतो. आमची पार्सलं त्या घेऊन ठेवतात, वर जॅमच्या बाटल्या देतात, चार वर्षांची ओळख तरी मला अजून अहो-जाहोच करतात. तर म्हटलं बायको नाही तोवर यांना एकदा जेवायला बोलवून उपकार फेडून टाकू, ती आल्यावर चार पदार्थ करावे लागतील, आत्ता एकात भागेल.

जिन्यात गाठून विचारलं, रविवारी संध्याकाळी याल का? मादाम म्हणाल्या, येईन, पण उन्हाचं काही फार करू नका हं. मी छाती काढून म्हटलं, छे छे, साधंच, क्रोक-मस्यू करतो. त्यांची एक भुवई वर गेली. "या उन्हात? ओव्हन लावून?" मला वाटलं कौतुकाने गेली.

क्रोक-मस्यू हा शंभर वर्षांहून जुना कॅफेतला पदार्थ. क्रोक म्हणजे कुर्रकन चावणं आणि मस्यू म्हणजे साहेब, थोडक्यात कुरकुरीत साहेब. वर तळलेलं अंडं ठेवलं की तेच क्रोक-मादाम होतं, म्हणजे साहेबांच्या डोक्यावर अंडं फोडलं की बाईसाहेब. ऑफिसजवळच्या कॅफेत मी हे पन्नास वेळा खाल्लंय. दिसायला ब्रेड, हॅम म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, चीज, वरून भाजलेलं. आता ज्या माणसाने कॉलेजच्या हॉस्टेलवर गॅसवरच्या त्या लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये बटाटा भरून अख्ख्या विंगला सँडविचं घातली त्याला हे काय अवघड? पण रविवारी सकाळी रेसिपी उघडली आणि कळलं की यात सॉस असतो. बेशामेल. आतही लावायचा आणि वरूनही थापायचा. पन्नास वेळा खाऊनसुद्धा मला आजवर ते वितळलेलं चीजच वाटत होतं.

रविवारी इथली सुपरमार्केटं दुपारी साडेबाराला शटर ओढतात, आणि मी साडेअकराला उठलो होतो.

दुधापासून सुरुवात. इथे दूध फ्रिजमध्ये नसतं, पाण्याच्या बाटल्यांसारखं रॅकवर रांगेने उभं असतं, लाल झाकण, निळं झाकण, हिरवं झाकण. घाईत माझा भारतीय हात आपोआप हिरव्याकडे गेला, हिरवा ठिपका म्हणजे सेफ, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. घरी येऊन वाचलं तर हिरवं म्हणजे साय-बिय सगळी काढून घेतलेलं. दूध कसलं, दुधाच्या भांड्याची विसळवणी. मैद्याचं मात्र चुकलं नाही, टी 45, टी 55, टी 110 असे एक्स्प्रेसच्या डब्यांसारखे नंबर असतात पण पोळ्यांच्या प्रयोगात ते सगळे आमचे तोंडपाठ झालेत. ब्रेड घेतला तो चौकोनी, मऊ, ज्याला इथले लोक पँ द मी म्हणतात आणि ज्याच्याकडे एरवी ते जरा तुच्छतेने बघतात, बगेतच्या, म्हणजे त्या लांब दांडक्यासारख्या पावाच्या, देशात स्लाइस ब्रेड म्हणजे गरीब नातेवाईक.

मग चीजचं दुकान. काउंटरमागच्या बाईंना म्हटलं ग्रुयेर द्या. त्या म्हणाल्या स्विस की फ्रेंच? मी म्हटलं फरक काय, तर म्हणाल्या फ्रेंचला भोकं असावीच लागतात, स्विसला जवळजवळ नसतात. मी आयुष्यभर उलटं समजत होतो, कार्टूनमधला उंदीर बघून. मागे रांग वाढत होती. त्यांनी विचारलं, कशासाठी हवंय? क्रोक-मस्यू म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम डॉक्टरसारखा झाला. मग कोंते घ्या, पण बारा महिन्यांचं, अठरा महिन्यांचं नको, जुनं झालं की छान वितळत नाही, तूप सोडतं. कोंतेचं एक चाक चाळीस किलोच्या आसपास असतं आणि त्याला चारशे लिटर दूध लागतं, हे पण त्यांनी तार ओढून तुकडा कापता कापता ऐकवलं. मी तीनशे ग्रॅम घेतलं आणि चारशे लिटरचा अपराधी चेहरा करून बाहेर पडलो.

आता राहिली मोहरी. म्हणजे दिजों या फ्रेंच शहराच्या नावाची मस्टर्ड. ती ब्रेडला आतून लावायची असते, तिच्याशिवाय सगळं नुसतं गुळगुळीत लागतं. आणि 2022 च्या त्या उन्हाळ्यात अख्ख्या फ्रान्समध्ये मस्टर्ड मिळत नव्हती. चेष्टा नाही. नाव दिजोंचं असलं तरी दाणा तेव्हा बहुतेक कॅनडातून यायचा, आणि 2021 मध्ये तिकडे असा दुष्काळ पडला की पीक निम्म्यावर आलं. दुकानात मस्टर्डच्या फळीवर एक कागद चिकटवलेला, एका ग्राहकाला एकच बरणी, आणि कागदाखाली शून्य बरण्या. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्यात एक गृहस्थ रिकाम्या फळीच्या पार मागे कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते, आमची नजरानजर झाली, दोघांनीही खांदे उडवले. मादामकडे नक्की असणार, पण जिला जेवायला बोलावलंय तिच्याकडेच कसं मागणार?

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला, तक्रार करायला, दुसरं काही नाही.

"काय नाही मिळत? मोहरी?"

"अगं मोहरी नाही, मस्टर्ड. पेस्ट असते."

"मग मिसळणाच्या डब्यात काय आहे ते? शोभेला ठेवलंय? मोहरी घे, फेस."

मी गप्प. कारण खरंच, दिजोंचा तो ब्राउन दाणा आणि आपली राई एकाच जातीची. ते लोक वाटून त्यात व्हिनेगर घालतात, आपण फेसून लोणच्यात घालतो. अख्खा देश रिकाम्या फळीत हात घालून बसलाय आणि माझ्या डब्यात अर्धा पाव पडून, मी ती आजवर फक्त तडतडवत होतो.

खलबत्ता होता. येताना तेवीस किलोंत आईने दोन किलोंचा खलबत्ता कोंबला होता तेव्हा मी विमानतळापर्यंत भांडलो होतो, ते तिने आत्ता आठवणीने काढलं. मग तिचं सगळं लाइव्ह मार्गदर्शन, आधी कोरडी कूट, आता चमचाभर पाणी, गार घे गार, गरम घातलंस तर चढायची नाही, चिमूटभर मीठ, चिमूटभर हळद, आता एकाच दिशेने फेस. मी फेसतोय, घामाचे थेंब खलात पडू नयेत म्हणून मान तिरकी करून फेसतोय. काळपट भरड हळूहळू पिवळसर, सैल झाली, कडेला बारीक बुडबुडे यायला लागले. "चढली का?" आईने विचारलं. मी वास घ्यायला खाली वाकलो आणि पुढचं अर्धं मिनिट मला काही दिसलं नाही. कपाळाच्या आतून कुणीतरी सुई टोचल्यासारखा झणका आला.

"चढली वाटतं," आई समाधानाने म्हणाली. "आणि तो गुलाबी रुमाल कसला रे मागे?"

मागे ओट्यावर हॅमचे चार स्लाइस पसरलेले होते.

"तो... आहे तो."

"बरं बरं. खा काय खायचं ते, माझ्या खलबत्त्याला लावू नको म्हणजे झालं."

मग बेशामेल. तीस ग्रॅम बटर वितळवायचं, तीस ग्रॅम मैदा परतायचा आणि तीनशे मिली दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. या सॉसला चौदाव्या लुईच्या कारभाऱ्याचं नाव दिलंय, आपल्या पिठल्याला एवढं करून कुणाचंच नाव नाही. तर थोडं थोडं हा शब्द मी वाचला होता, पण हाताला कळवायचा राहिला. सगळं दूध भस्सकन पडलं. पातेल्यात एका क्षणात साबुदाण्यापासून सुपारीपर्यंत सगळ्या साइजच्या गुठळ्या तरंगायला लागल्या.

"जन्मात पिठलं केलंयस का कधी?" फोन डब्याला टेकवून ठेवलेला, तिला सगळं दिसत होतं.

"गाळू का?"

"आता काय, गाळ."

घरात गाळणी एकच, चहाची. तीनशे मिली दाट सॉस चहाच्या गाळणीतून चमच्याने घासून घासून काढायला पाऊण तास लागतो हे कुठल्याही रेसिपीत लिहिलेलं नाही. शेवटी जे खाली पडलं ते खरंच रेशमासारखं होतं, फक्त त्यात आसाम चहाचे चार-पाच काळे ठिपके होते. वर जायफळ किसायचं, फ्रेंच लोकही घालतात, आणि जायफळ माझ्याकडे घरचं, गुहागरहून आणलेलं. किसलं आणि स्वयंपाकघरात गुढीपाडव्याच्या सकाळचा वास पसरला. एका बाजूला श्रीखंडाचा घमघमाट, दुसऱ्या बाजूला हॅम, मला क्षणभर फारच कानकोंडं झालं.

संध्याकाळी साडेसात. बाहेर ऊन तसंच, इथे जुलैत साडेनऊपर्यंत सूर्य हलत नाही. झडपा बंद, खिडक्या बंद, ओव्हन 200 वर. ब्रेडला आतून मोहरी, मग बेशामेल, हॅम, किसलेलं कोंते, वर दुसरा स्लाइस, त्यावर परत बेशामेल आणि राहिलेलं सगळं चीज, सगळं म्हणजे सगळं, चारशे लिटरला जागायचं म्हणून. जाळीवर ठेवले. खाली ट्रे ठेवायचा असतो हे मला आता माहीत आहे. दहा मिनिटांनी वर रंग येईना म्हणून बटण फिरवून त्या नागमोडी रेघेच्या चिन्हावर आणलं, म्हणजे ग्रिल, आणि दोन मिनिटं आहेत तोवर शर्ट बदलून येऊ म्हणून बेडरूममध्ये गेलो.

इथे एक आतली गोष्ट सांगायला हवी. फ्रान्समध्ये 2015 पासून प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे आणि आमचा पॅसेजमध्ये छताला, स्वयंपाकघराच्या बरोबर तोंडाशी. त्यामुळे फोडणी टाकायच्या आधी आम्ही त्याला बायकोची शॉवर कॅप घालतो. करू नये, माहीत आहे, पण करतो. खमंग फोडणी, मिरचीचा ठसका, सुकट, चार वर्षांत तो एकदाही वाजला नाही. त्या दिवशी मी टोपी घातली नाही. म्हटलं आज कसली फोडणी, आज फ्रेंच पदार्थ आहे.

शर्टाचं दुसरं बटण लावताना तो बोंबलायला लागला. पॅसेजमध्ये आलो तर निळा धूर. वरचं चीज जाळीतून ओघळून ओव्हनच्या तळाला पडून जळत होतं आणि साहेब वरून कोळशाच्या रंगाचे झाले होते. मी खुर्चीवर चढलो, टॉवेलने अलार्मला वारा घालतोय, तो ऐकत नाही, खिशातल्या फोनवर आई विचारतेय "अरे कुकर आहे का?", आणि अशात बेल वाजली. दारात मादाम, नीट इस्त्रीचा फ्रॉक, हातात गार केलेली बोजोले वाइनची बाटली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे, आत आल्या, बाटली टेबलावर ठेवली, ओव्हन बंद केला, खिडकी उघडली, झडपा ढकलल्या आणि म्हणाल्या, "बाँस्वार," म्हणजे शुभ संध्याकाळ.

जेवलो आम्ही. मादामनी सुरी घेऊन वरचा काळा थर खरवडला, इतक्या सहजपणे की जणू तो खरवडायचाच असतो, आणि काट्या-चमच्याने खायला सुरुवात केली. पहिला घास घेतला, चावल्या आणि थांबल्या. डोळ्यांत पाणी. नाक रुमालाने टिपलं. मी म्हटलं आता अँब्युलन्स.

"ही मस्टर्ड," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुठे मिळाली?"

मी डबा आणून दाखवला. त्यांनी दोन दाणे तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेले, मग खलबत्ता उचलून बघितला, वजनाने हात खाली गेला. त्यांच्या लहानपणी, म्हणाल्या, मस्टर्ड अशीच असायची, रडवणारी, हल्लीची काय नुसती पिवळी. सँडविचबद्दल त्या पूर्ण संध्याकाळ एक अक्षर बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, तुम्ही फार धाडसी आहात.

रात्री आईला कळवलं, मादामना आवडलं.

"काय, सँडविच?"

"नाही. मोहरी."

"हं," आई म्हणाली, आणि त्या हंमध्ये विमानतळावरचं अख्खं भांडण होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली. आत धुऊन पुसून कोरडी केलेली मस्टर्डची रिकामी बरणी, पांढऱ्या व्हिनेगरची छोटी बाटली, आणि जुन्या वळणाच्या अक्षरात चिठ्ठी. ऊन उतरलं की एका रविवारी खाली या. क्रोक-मस्यू मी करीन, मस्टर्ड तुम्ही आणा. हळद थोडी कमी.