गणपतराव देशमुख आणि सांगोल्याचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे दिवंगत आमदार, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया परखड आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गणपतरावांसारखं साध्या एसटी बसने फिरणं ही आमदाराची कामगिरी नव्हे. पन्नासएक वर्षं एकाच माणसाला निवडून देऊनही सांगोला टँकरची वाट बघत राहिला. सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी लवकर आलं असतं. आणि एवढं करून वारसा शेवटी नातवांकडेच गेला.

एसटीबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. आबासाहेबांच्या (गणपतरावांना लोक याच नावाने ओळखत) निधनानंतर, म्हणजे 30 जुलै 2021 नंतर, जे छापून आलं त्यात साधेपणाच इतका होता की त्यांचं काम त्याखाली झाकलं गेलं. पण साधेपणा बघून लोक एकदा मत देतील, दोनदा देतील. 11 वेळा देत नाहीत. याच मतदारांनी त्यांना दोनदा घरीही बसवलं होतं. 1972 मध्ये ते हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 मध्ये शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या 192 मतांनी हरले आणि 1999 मध्ये पुन्हा निवडून आले. सांगोल्याने डोळे मिटून मतं दिली असं म्हणणं त्या मतदारांवर अन्याय आहे.

आता पाणी. इथे तुमचा राग मला समजतो, कारण पाणी उशिराच आलं आणि तोवर कितीतरी घरांनी गाव सोडलं. पण ते का उशिरा आलं हे बघायला हवं. सांगोला माण नदीच्या खोऱ्यात आहे आणि माण वर्षातला बराच काळ कोरडी असते. कृष्णेचं पाणी इकडे उताराने येत नाही, ते टप्प्याटप्प्याने उपसून आणावं लागतं. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्या निवाड्याचा फेरविचार 2000 नंतर व्हायचा होता, त्यामुळे तोपर्यंत आपला वाटा वापरात आणण्याची घाई होती. धरणं झाली, कालवे झाले, पण ते जिथे पाणी आपसूक पोचतं तिथे आधी झाले. उपसा योजना म्हणजे पंप, वीज आणि वर्षानुवर्षांची तरतूद. ती तरतूद मंत्रिमंडळ करतं. विरोधी बाकावरचा आमदार तारांकित प्रश्न टाकू शकतो, लक्षवेधी लावू शकतो, कपात सूचना देऊ शकतो, समितीत बसून अधिकाऱ्यांना धारेवर धरू शकतो. योजनेच्या खर्चाला मंजुरी देणं त्याच्या हातात नसतं.

ही मर्यादा ओळखून त्यांनी सभागृहाबाहेरची वाट धरली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी 13 दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली. 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. तिथली मागणी एका तालुक्यापुरती नव्हती. पाणी समन्यायी पद्धतीने वाटा, भूमिहीनालाही हिस्सा द्या, असं ते सांगत होते. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी भागात नेणाऱ्या टेंभूसारख्या योजना कागदावरून हलल्या, तेव्हा गणपतराव आमदारही नव्हते. पाण्याचं श्रेय एकट्या त्यांचं असं मी म्हणत नाही. पण आमदारकी नसतानाही जो माणूस पाणी परिषदेच्या मांडवात बसला, त्याला पाण्यासाठी काय केलंस म्हणून विचारताना हा काळ वगळता येत नाही.

सत्तेत गेले असते तर? जत घ्या, आटपाडी घ्या, माण-खटाव घ्या, मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं घ्या. या पट्ट्याने सत्ताधारी आमदार कितीदा तरी निवडून दिले, आणि तरीही पाण्यासाठी सांगोल्याइतकीच वाट पाहिली. तेव्हा खोट पक्ष न बदलण्यात नव्हती, पाण्याच्या वाटपात होती. शिवाय गणपतरावांना सत्तेचं वावडं नव्हतं. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते मंत्री होते आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही. दोन्ही वेळा गेले ते शेकापचे म्हणूनच.

पाणी येईपर्यंत माणसं जगली कशावर, हा प्रश्न तुमच्या प्रतिक्रियेत नाही आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 1972 च्या दुष्काळातल्या कामांचा अनुभव घेऊन महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्याच्या पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा. या मागची कल्पना वि. स. पागे यांची. हे घडलं त्या काळात दुष्काळी भागातले गणपतराव विधानसभेत होते. कायदा झाला तरी मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, निघत नाही, काम मंजूर होत नाही, मजुरी थकते. तिथे तहसील कचेरीवर मोर्चा नेणारा आमदार लागतो. शेकाप आणि इतर डाव्या पक्षांनी ते काम केलं. कापूस न पिकणाऱ्या सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली तीही अशीच, शेतावर पोट भरत नाही म्हणून.

एक मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण इतरांनी विचारलाय. त्यांच्या 11 विजयांना देशातला विक्रम म्हणतात, ते बरोबर नाही. के. एम. मणी केरळातल्या पाला मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले. गणपतरावांचं मोठेपण या आकड्यावर अवलंबूनही नाही.

वारशाबद्दल मात्र मी त्यांचा बचाव करणार नाही. 2019 मध्ये ते उभे राहिले नाहीत आणि पक्षाची उमेदवारी नातू अनिकेत यांना मिळाली. ते 768 मतांनी हरले. 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. गावोगाव कार्यकर्ते घडवणाऱ्या पक्षाला देशमुखांच्या घराबाहेरचा उमेदवार उभा करता यायला हवा होता, ही तुमची टीका मला पूर्ण मान्य आहे. बाबासाहेबांना आजोबांच्या पुण्याईवर पहिली आमदारकी मिळाली असं फार तर म्हणता येईल. पुढचं माप टेंभूचं पाणी सांगोल्यातल्या शेवटच्या गावात कधी आणि किती पोचतं यावरूनच घ्यावं.