पट्टी लावून बघा की!

ड्रॉइंगवर खाली उजवीकडे, टायटल ब्लॉकच्या (नाव-नंबरांच्या चौकटीच्या) शेजारी एक ओळ असते : ‘ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नये.’ काल कळलं, ती वाचणारा जगात मी एकटाच.

प्लेट साधी. २४० मिलिमीटर लांब, १० जाड, एम१० बोल्टसाठी ११ची दोन भोकं. डाव्या कडेपासून पहिलं ७०वर, तिथून दुसरं १२०वर. उजवीकडचे ५० मी लिहिले नाहीत, कारण लिहायचे नसतात. ओळीतली सगळी मापं दिली की प्रत्येकाचं टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा थोडा फरक, साठत जातं आणि एकूण लांबीशी भांडतं. म्हणून एक माप मोकळं सोडतात. फार तर माहितीपुरतं कंसात टाकतात. तो कंस मी आळसाने टाकला नाही. घ्या, एवढं कबूल.

फिटरमामांनी नेमकी त्या उजव्या कडेपासूनच सुरुवात केली. वजाबाकीपेक्षा खिशातली पट्टी जवळ! मूळ ड्रॉइंग ए१ कागदावर, स्केल १:१. मोठे कागद छापणारा प्लॉटर बंद, म्हणून कुणीतरी ‘फिट टू पेज’ करून ए३वर काढलेलं. म्हणजे लांबी निम्मी, शिवाय प्रिंटरचं मार्जिन. पन्नासाचे भरले चोवीस. मामांनी उदारपणे पंचवीस धरले. तिथून १२० मात्र लिहिलेलेच घेतले, म्हणून डावीकडे सत्तरचे पंचाण्णव झाले. चाळीस प्लेटा!

“मामा, ७० लिहिलंय ना इथे?”

“लिहिलंय. पण मोजलं तर तेही चौतीसच भरतंय. मग खरं कुठलं धरायचं?”

माल गॅल्व्हनायझिंगला न्यायला आलेला टेम्पोवाला इतका वेळ तंबाखू मळत उभा होता. त्याने एक प्लेट उचलली, एक डोळा मिटून भोकातून माझ्याकडे पाहिलं.

“गोल तर मस्त आहे.”

मग प्लेट उलटी करून पाहिली. तिसऱ्यांदा स्वतःच उलटा झाला. “कॉम्प्युटरवर काढून चुकतं कसं हो, साहेब? त्यापेक्षा शेजारी पंचवीसवर दुसरं पाडा. जस्त चढायच्या आत.”

राग याचाच, की तो बरोबर होता. अंतर २५, भोक ११चं, मध्ये १४ मिलिमीटर लोखंड शिल्लक. आणि नंतर ड्रिल मारलं तर भोकाच्या आतून गंज सुरू.

आता मी रेव्हिजन ‘बी’ काढतोय. चार भोकं, सगळी मापं, शिवाय कंस. कारणाच्या रकान्यात वरून आलेला मजकूर : ‘ड्रॉइंगमधील त्रुटी.’ मामांच्या पट्टीला रकाना नाही.

प्रिंट गेली. ए३वरच.