श्यामचे तांबडे पाय

साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत ती साजरी करायची म्हणजे आधी टोपीशी झुंजायचं. बाजारातली गांधी टोपी मोठ्यांच्या मापाची, २२ इंची. चौथीतल्या पोराचं डोकं २१ च्या आतलं. टोपी घसरून नाकावर येते आणि श्याम चाचपडत स्टेजवर चढतो. मागच्या बाजूला चिमटीभर कापड दुमडून दोन टाके घालावेत. पिन लावली तर नमस्काराला वाकताना टोचते, आणि श्याम भलत्याच प्रसंगाला रडतो.

समईचं सोपं आहे. वाती आधी तेलात बुडवून ठेवा, पंखा बंद करा, पाहुण्यांच्या हातात काडी न देता मेणबत्ती द्या.

खरी परीक्षा भाषणांची. सात मुलं, सातही भाषणं बहुधा एकाच वहीतून उतरवलेली. 'पांडुरंग सदाशिव साने' इथवर गाडी सुसाट. पुढे १८९९ येतं. 'नव्व्याण्णव' म्हणायला वरचे पुढचे दात लागतात आणि दुसरीत नेमके तेच पडलेले असतात. जन्मगाव पालगड, तालुका दापोली, हे कितीही जाड अक्षरात लिहून द्या, एकजण 'पालघर' म्हणतोच. गुरुजींचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातून उचलून मुंबईच्या पलीकडे नेला जातो. त्यावर टाळ्याही पडतात. तेवढ्यात माईक शिट्टी मारतो, कारण बोलणारं पोर भीतीनं मागं सरकत सरकत थेट स्पीकरपुढं जाऊन उभं असतं. खडूनं चौकोन आखून 'याच्या बाहेर पाय नको' म्हणावं. एवढं मात्र पोरं पाळतात, लंगडीची सवय असते ना!

पाहुणे सीआरपी साहेब, म्हणजे आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करणारे शिक्षण खात्याचे साहेब. 'नमस्कार' मराठीत, बाकी कन्नडमध्ये. यात खटकण्यासारखं काही नाही. आंतरभारतीचं, म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावं असं स्वप्न पाहणारे गुरुजी स्वतः त्रिचीच्या तुरुंगात तमीळ शिकले होते. आमच्या पोरांना कन्नड शिकायला तुरुंगात जावं लागत नाही, खानापूरचा आठवडी बाजार पुरतो. साहेबांच्या विनोदाला पोरं बरोबर जागेवर हसतात. मी अर्धा सेकंद उशिरा.

मग नाटुकलं. 'श्यामची आई'मधला तो आंघोळीनंतरचा प्रसंग आम्ही दरवर्षी घेतो: ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आणि आई लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते. वाचायला पाच मिनिटं, करायला अख्खी दुपार. आई चौथीतली, उंची चार फूट. नऊवारी तिच्यावर नेसवायला गेलात तर आई दिसणारच नाही, नुसतं लुगडं चालताना दिसेल. बाजारात मुलींच्या मापाची शिवलेली नऊवारी मिळते, ती आणावी. आणि ओचे म्हणून पसरायला वेगळं जुनं पातळ कमरेला खोचावं. हे विसरू नये.

कारण श्याम येतो मैदानातून. अनवाणी. आमच्याकडची माती तांबडी. आंघोळीचा देखावा खरा वाटावा म्हणून पाय भिजवलेत की तिचा चिखल होतो. पायाला पाणी लावूच नये. स्टेजच्या पायरीशी कोरडं पोतं अंथरून तळवे खसाखसा पुसून घ्यावेत. ओलेपणा अभिनयात दाखवावा.

पण पुसायला सांगितलेला पोरगा नाटक बघण्यात गुंग असतो, आणि वेगळं पातळ कपाटातच राहिलेलं असतं; ऐन वेळी हाताला लागलेली दुसरीच साडी आईच्या कमरेला खोचलेली असते. श्याम हट्ट करतो, आई माया डोळ्यांत आणून ओचे पसरते, श्याम भरदार पाय ठेवतो, पाची बोटं लख्ख उमटतात. आणि मायेचा सूर तिथंच सोडून आई माईकवर ओरडते, "उतर की रे खाली! बाईंची साडी हाय ही!"